सोळा सालचा आणा

नथूच्या हातावर आणा टाकला अन् माझ्या बोटांना हळद लागली. घडलं ते एवढंच. लोणावळा ठेसनाच्या मागच्या अंगाला नथूचं चहाचं खोपाट हाय, तितं मी रोज बसतो. गरम चहा ढोसला, इड्यांचं बंडल उचललं, खिशातनं आणा काढून दिला. नथूनं बघितलंबी न्हाई, गल्ल्यात टाकला. मी बोटं उजेडात धरली. आंगठा अन् शेजारचं बोट पिवळं. नाकाशी नेली तर जुनी, कोंदट हळद, कणगीच्या तळाला येतो तसला वास. नथू म्हणला, "काय भिमाभाऊ, ह्या वयात बोहल्यावर चढताय व्हय? वयनीला सांगितलंय का?" मी म्हणलं, "सांगतो की, तू वाजंत्री ठरव." तो हसला, मीबी हसलो. मी रेल्वेतला सांधेवाला, गाडीचा रूळ बदलणारा. एकुणीस वर्सं खटके ओढतोय. खटका बसला का न्हाई ते हाताला कळतं, डोळ्यानं बघावं लागत न्हाई. कवा कवा खटका ओढला जातो पण खाली सांधा बसत न्हाई, बोटभर फट ऱ्हाती. तवा हाताला जसं वाटतं, तसं मला त्या खोपटात वाटलं. लायनीवर असतो तर परत ओढला असता. हितं काय ओढायचं तेच ठाव न्हवतं.

तो आणा गाडग्यातला. माझ्या आबांच्या गाडग्यातला. आबा म्हंजे माझा बाप, महिपती, तिकोणा पेठेचा. दिवाळीच्या आधी वारला. सांगावा माझ्यापत्तुर यायला दोन दिस लागलं, तवर राख गार झालती. मी गेलो तो दहाव्याला, अन् तेबी घरी न्हाई. कामशेतला गाडीतनं उतरलो, चालत पवनेचा काठ गाठला, तितंच डोकं भादरून घेतलं. पिंडाला कावळा शिवंना. झाडावर बसलेलं धा-बारा कावळं, खाली बघायचं अन् मान फिरवायचं. थोरला भाऊ कोंडाजी हात जोडून एक एक बोलत व्हता. आबा, म्हशीला इकनार न्हाई. आबा, झुंबर आत्याला अंतर देनार न्हाई. आबा, वरल्या खाचराचा बांध पुरा करीन. कावळा काय हालंना. समद्यांनी एक डाव माझ्याकडं बघितलं. मी पाण्याकडं बघत ऱ्हायलो. मला काय बोलायचंच न्हवतं. शेवटाला उन्हं तापली, लोकं उपाशी, म्हणून दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला अन् उरकलं. मग कोंडाजी घोंगडीतनं एक गाडगं घेऊन आला, तोंडाला फडकं बांधल्यालं. म्हणला, "आबा म्हणलं व्हतं, हे भिमाला द्या. बाकी काय बोललं न्हाईत." मी हालवून बघितलं, आत खुळखुळलं. म्हणला, "घरी चल की. दोन घास खा." मी म्हणलं, "कामावर पाळी हाय." पाळी न्हवती. तितनंच कामशेतचा रस्ता धरला.

रस्ताभर गाडगं काखेत अन् डोक्यात एकच. थोरल्याला खाचरं, बैल, घर. मला गाडगं. जमीन मला नको व्हती, मी ती कसनार न्हवतो, पण बापानं जाता जाता हातावर चिल्लर ठेवावी? ठेसनावर हमालाला ठेवत्यात तशी? आबांचं अन् माझं बोलणं तुटलं ते सोळा साली. मी अठरा वर्सांचा. कामशेतच्या बाजारात पलटनीची माणसं आलीती, जवान पोरं बघत व्हती, छाती मोजत व्हती. मी नाव दिलं अन् घरी येऊन सांगितलं. आबा चिखलात उभं, मांडीपत्तुर चिखल, हातात रोपाची पेंडी. वर बघितलं न्हाई. म्हणलं, "गेलास तर ह्यो उंबरा इसर." पेंडी चिखलात रोवली, म्होरं सरकलं. मी गेलो. दर्या वलांडून बसऱ्याला गेलो, लढाईवर. तितं ऊन असं की बंदुकीची नळी हाताला चिकटायची. तितंच कळलं की आई मानमोडीच्या तापात गेली. एकुणीस साली परत आलो, लोणावळ्याला उतरलो, रेल्वेत भरती चालली व्हती, चिकटलो. गावाकडं निरोप धाडला, मी आलोय. म्हणलं, बोलवणं येईल. आबा येतील, न्हाई तर कोंडाजीला धाडतील. कोंडाजी आला, लग्नालाबी आला, पण आबा न्हाई आलं अन् चल म्हणूनबी सांगितलं न्हाई. मग मीबी दात आवळलं. कामशेतवरनं पेठ चालत तीन तासांवर. कोळशाचं इंजिन जाऊन इजेचं आलं, सायब बदललं, माझं मिशीचं केस पांढरं झालं, अन् ते तीन तास काय सरलं न्हाईत.

गाडगं मी महिनाभर फळीवर ठेवून दिलं. मग एका रयवारी घोंगडीवर पालथं केलं. आतनं नाणी न्हाईत, गाठोडी पडली. बोराएवढी गाठोडी, चिंध्यांची, तीस-पस्तीस. काही चिंध्या काळ्या पडून कातड्यावानी कडक झालेल्या, काही सुताचा नुसता भुगा. एक एक सोडायला लागलो. दर गाठोड्यात एक नाणं अन् चार-दोन तांदूळ, किड्यानं पोखरल्यालं. कुटं शिवराई, कुटं दुसरं कसलं तांबं, एक ढब्बू पैसा, एक चांदवडी रुपाया, दोन राणीछाप. माझी बायकू सरू तांदूळ निवडत बसलीती, ती म्हणली, "अवं, ह्ये बांधल्यालं पैसं दिसत्यात. देवाचं. इचारा कुणाला तरी, मग सोडा." मी म्हणलं, "देवाचं असतं तर देवाला नसतं गेलं? म्हातारा चिक्कू व्हता. नाण्याला नाणं घासू ने म्हणून बांधलंय." तिनं माझ्याकडं बघितलं अन् सूप हालवलं. मला म्हाईत न्हवतं असं आता म्हणवत न्हाई. ल्हानपणी कोंडाजीला ताप भरला तवा आईनं पैसा हळदीत बुडवून चिंधीत बांधल्याला मी बघितलाय. ताप उतरल्यावर वाघजाईच्या देवळात मीच तो वाहिलाय, गुळाचा खडा मलाच मिळाल्याला. पण माणसाला राग धरायचा असला की त्याचं डोळं लय कामाचं ऱ्हात न्हाईत. मी तीन ढीग घातलं. तांबं एकीकडं, चांदी एकीकडं, चालू पैसा एकीकडं. चालू म्हंजे एकच निघाला, आणा, कातरल्याल्या कडांचा. त्याची गाठ काय सुटंना. नखानं झालं, दाभणानं झालं. शेवटी दातात धरून वढली, तवा फाटली. तोंडात कडू चव आली, थुकून टाकली. चिंध्या सरूनं चुलीत घातल्या. मग मी चिंच अन् राख घेऊन बसलो अन् तांबं, चांदी घासून घासून लखलखीत केली, दसऱ्याला देव्हाऱ्यातलं टाक घासत्यात तशी. इकायला न्यायची तर तोंड धुवून न्यावी. आणा तेवढा घासला न्हाई. चालू पैसा कोण घासतंय.

इकत घेणारं त्र्यंबकराव, हायस्कुलातनं पेन्शनीत निघाल्यालं मास्तर, बाजाराच्या वरल्या अंगाला ऱ्हात्यात. जुनी नाणी गोळा करायचा त्यांना नाद. नथूकडं जायच्या आधी त्या सकाळी मी त्यांच्याकडं गेलो, त्यांनी टेबलावर पांढरं फडकं आथरलं, डोळ्याला भिंग लावलं अन् पयलंच नाणं बघून हात खाली घेतला. "भिमाजी, ही कुणी घासली?"

"मीच. चिंच अन् राख."

"शंभर वर्षांचा रंग एका सकाळी घालवलात की. नाण्याचं वय त्याच्या काळेपणात असतं." रागावलं न्हाईत, पण नाणं असं हातात धरलं जसं कुणी भाजल्यालं पोर धरावं. मग एक एक राजाप्रमाणं मांडत गेलं. मांडता मांडता कपाळाला आठी. "ही शेतात नांगराला लागली, की घरातलीच?"

"घरातली."

"चमत्कारिक आहे. साठवणारा माणूस असं साठवत नाही. एका काळची पुष्कळ साठवतो. इथं दर पाच-दहा वर्षांचं एकेक, फार तर दोन. चार पिढ्या कुणीतरी मधूनमधून एकच नाणं आत टाकतंय. का बरं?"

मी म्हणलं, "म्हातारी माणसं, काय सांगावं." माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांनी तीन नोटा दिल्या, मी घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात घातल्या. शेवटी तो आणा बोटानं माझ्याकडं सरकवला. "हा एकोणीसशे सोळाचा, चालू. ह्याचं मी काय करू? ह्याचा चहा प्या." मी प्यालो.

नथूच्या खोपटातनं घरी आलो तर पायरीवर झुंबर आत्या बसल्याली. आबांची पाठची भैन, सत्तरीच्या पुढं. कोंडाजीनं तिला कुणा सोबतीनं गाडीत बसवलीती. मला बघून म्हणली, "ये रं भिमा. बारीक केस बरं दिसत्यात. महिपतीवानी." मी पाया पडलो. सरूनं चहा आणला, आत्यानं बशीत वतला, प्याली न्हाई. म्हणली, "चहा मागनं. गाडगं काढ. माझ्या मारुतीचा ढब्बू तेवढा हातात दे. घेते, अन् परत ठेवते."

मी म्हणलं, "कोण मारुती?"

"माझं ल्योक. पिलेगात गेलं, तीन वर्सांचं. तू झाला न्हवतास." असं म्हणली जसं कुणी रस्ता सांगावा. "दरसाल दिवाळी झाली की महिपती गाडगं काढायचा, मी ढब्बू हातात घ्यायची. लाल खणाच्या चिंधीत हाय. म्हणलं, आता तुझ्याकडं आलंय तर जाऊन यावं."

सरू आत गेली. तिनं चुलीकडं बघितलं का न्हाई म्हाईत न्हाई, मी बघितलं. मी म्हणलं, "आत्या, बांधल्याला पैसा बरं झाल्यावर वाघजाईला वाहत्यात न्हवं?"

"बरं झालं तर. परत आलं तर. जे परत आलं त्यांचा पैसा देवीला गेला, त्यो कशाला घरात ऱ्हाईल? न्हाई आलं त्यांचा कुणाचा? देवीचाबी न्हाई, आपलाबी न्हाई. मोडता येत न्हाई, देता येत न्हाई. त्यो गाडग्यात. तुझ्या आज्याचा भाऊ बैलं घेऊन घाटाखाली गेला त्यो न्हाई आला. आमची थोरली भैन विहिरीवर गेली ती न्हाई आली. तुझी आय मानमोडीत गेली, तिचा रुपाया हाय, राणीछाप. समदी हायत त्यात. आमच्या घरची न परतल्याली माणसं." मग माझ्याकडं बोट केलं. "तूबी."

यार्डात कुणी तरी शिट्टी मारली, ती मला वळखू आली, डबे मागं घ्यायची शिट्टी. मी म्हणलं, "माझा कोण बांधणार? आय तर बोलत न्हवती तवा माझ्याशी."

"आयनंच बांधाया पायजे व्हता. बायकांचं काम हाय ते, बाप्या माणसानं बांधायचा नस्तो. पण ती रुसून चुलीपुढं बसलीती, हात लावंना. तू गेलास त्याच दुपारी महिपती गोठ्यात बसला, आणा हळदीत घोळला, चिंधी घेतली. हात चिखलाचं, गाठ बसंना. दातात धरून आवळली. मी शेण भरत व्हते. म्हणला, झुंबरे, कुणाला बोलू नगं."

दातात धरून. माझ्या तोंडात ती कडू चव परत आली. एकाच गाठीला त्यांचं दात अन् माझं दात. त्यांनी आवळली, मी फाडली, अन् मधी बावीस वर्सं. मी म्हणलं, "आत्या, मी तर परत आलो. एकुणीस सालीच आलो. मग वाघजाईला का न्हाई दिला?"

"मीबी इचारलं तेला. कैक डाव. गाडगं काढलं की इचारायची, म्हणायची, पोरगं लोणावळ्यात हाय, नोकरीला लागलंय, लगीन झालंय, दे की आता देवीला. त्यो म्हणायचा, कुटं आलाय त्यो अजून."

"त्यांनीच म्हणलं व्हतं, उंबरा इसर."

आत्यानं थंड झाल्याली बशी उचलली, एका घोटात प्याली, पदरानं तोंड पुसलं. "त्यानं एक डाव म्हणलं, भिमा. तू बावीस वर्सं ऐकलंस."

मी उठलो. चपलाबी घातल्या न्हाईत. नथूच्या खोपटात जाऊन म्हणलं, गल्ला वत. तो चेष्टा करणार व्हता, पण माझं तोंड बघून त्यानं फळीवर गल्ला पालथा केला. आणे लय व्हते. इंग्रजी आकडं मला डब्यांवरनं येत्यात, तेवढीच माझी शाळा. एक एक उलटा करून बघितला. सोळा सालचे दोन निघाले. दोन्ही बोटांनी घासून बघितले, हुंगले. एकाला तेलाचा वास, एकाला कशाचाच न्हाई. नथू हळूच म्हणला, "मघा पुण्याच्या गाडीला पाशिंजर लय व्हतं, भाऊ. मोड देऊन देऊन दमलो. त्यात गेला आसंल." मी डोक्याला हात लावून बसलो. ती गाडी मघाशी माझ्या डोळ्यांदेखत गेलीती. कामशेत, वडगाव, तळेगाव. कामशेतवरनंबी गेली. आबांचा आणा माझ्या आधी तिकडं गेला, कुणा परक्याच्या खिशात. नथूनं त्या दोनातला एक माझ्या म्होरं धरला. "ह्यो घ्या की. सोळा सालचाच हाय. आणा त्यो आणा." तो भला माणूस हाय, त्याला वाईट वाटत व्हतं. मी त्याची मूठ मिटली अन् निघालो.

त्र्यंबकराव जेवून आडवं झालं व्हतं. मी दारातच उभा ऱ्हायलो, नोटा म्होरं धरल्या अन् जे झालं ते सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, की हे मी जल्मात पयल्यांदा कुणाला सांगतोय. त्यांनी आत जाऊन तबक आणलं. त्यात कापूस घालून नाणी मांडून झालीती, खाली चिठ्ठ्या, राजांची नावं. त्यांनी चिठ्ठ्या एकेक काढून घेतल्या. "सकाळी माझ्या लक्षात यायला हवं होतं," म्हणलं, "एकेकच का, ते." मग म्हणलं, "आता कुठलं कुणाचं, सांगता येईल?"

ढब्बू एकच व्हता, त्यो मारुतीचा. राणीछाप दोन, त्यातली एक आयची, पण कंची? मी दोन्ही तळहातावर घेतल्या. दोन्ही आरशावानी. बैलं घेऊन घाटाखाली गेल्याला आज्याचा भाऊ अन् विहिरीवर गेल्याली पोर, कुणाची शिवराई कंची, काय कळायला मार्ग न्हवता. चिंधीचा रंग, गाठीचा पीळ, त्यावरनं आबा वळखत असतील. मी समद्यांची तोंडं धुतलीती, अन् धुता धुता तोंडंच पुसून टाकलीती. मी म्हणलं, "न्हाई सांगता येत." त्यांनी नोटा घेतल्या, न मोजता खणात टाकल्या अन् नाणी माझ्या उपरण्यात वतली. लय हळू वतली.

आत्यानं ढब्बू हातात घेतला. लखलखीत ढब्बू बघून तिच्या कपाळाला आठी पडली, मी खाली बघितलं. ती म्हणली, "आंगूळ घातलीस व्हय रं." अन् मुठीत घट्ट धरला. लय येळ धरला. मग लुगड्याच्या पदराची कड फाडली, त्यात बांधला, गाडग्यात ठेवला. म्हणली, "मी हितं ऱ्हाते चार दिस, सुनंच्या हातचं खाते. तू जाऊन ये." मी म्हणलं, "तूबी चल." "न्हाई," म्हणली, "हे येकट्यानं जायाचं आस्तंय."

दुसऱ्या दिशी पयल्या गाडीनं कामशेत. धुकं व्हतं, पवनेवर तर हाताला लागंल असं. गाडगं काखेत. भात निघालं व्हतं, खाचरात नुसतं धसकट, कुटं कुटं मळणीचा भुसा. पायांना रस्ता ठाव व्हता, मला न्हवता. एका वळणावर आपसूक डावीकडं वळलो, मग कळलं की हितनं आंब्याखालनं जवळ पडतं. आंबा न्हवता, बुंधा व्हता. डोक्यात काय बाय चाललं व्हतं. तीन ताससुदीक लागलं न्हाईत. अडीच तासांत तिकोण्याचा कडा धुक्यातनं वर आला, अन् मला वाटलं एवढंच व्हतं? एवढ्यासाठी? आबाबी ह्या वाटंवर कुटंपत्तुर येऊन माघारी गेलं असतील का, ते आता सांगायला कोण न्हाई. वरल्या खाचराचा बांध दिसला. कोंडाजीनं पुरा केलता.

घराचा उंबरा माझ्या ध्यानात व्हता त्याच्यापरीस ठेंगणा. मधी झिजल्याला. मी त्याच्या अलीकडं उभा ऱ्हायलो. कोंडाजी ओट्यावर दोर वळत व्हता. त्यानं मला बघितलं, गाडगं बघितलं. वळता वळता हात थांबलं, पण दोर सोडला न्हाई.

"आत्यानं सांगितलं वाटतं," म्हणला.

"व्हय. तू का न्हाई सांगितलंस?"

"आबा म्हणलं व्हतं, काय बोलू नगा, त्याचं त्याला कळू द्या." त्यानं गाडगं घेतलं, तोंडाचं फडकं सोडून आत बघितलं. उघडी नाणी, लखलखीत, अन् एक पदराची चिंधी. बघत ऱ्हायला. शिव्या देईल असं वाटलं, द्यायला पायजे व्हत्या. "इकलीवतीस?"

"इकलीती. माघारी आणली."

"समदी हायत न्हवं?"

"एक कमी हाय."

"कुणाचा?"

"माझा."

कोंडाजीनं गाडगं ओट्यावर ठेवलं. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी आत्ताच कामशेतच्या बाजारातनं पलटनीत नाव देऊन आलोय. मग तोंड आत वळवलं अन् बायकोला हाक मारली, जशी रोजची मारतात तशी.

"अगं, पाय धुवायला पाणी आण. भिमा आलाय."